आवाज कमी करा, असं म्हणता यायला हवं

शेजारचा माणूस मोबाइलच्या स्पीकरवर रील बघतोय. सिग्नल हिरवा व्हायच्या आतच मागचा गाडीवाला हॉर्न दाबून धरतोय. वरच्या मजल्यावर रात्री अकराला फर्निचर सरकतंय. बिल्डिंगच्या गेटात कुणीतरी बाइक आडवी लावून निघून गेलंय. यांतल्या कशाचीही तक्रार करायला गेलं की ठरलेलं उत्तर येतं: एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? हे उत्तर देणारा बहुतेक वेळा त्रास देणाराच असतो. पण ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की सोसणाऱ्यालाही पटू लागतं आणि पुढच्या वेळी तो स्वतःच स्वतःला गप्प करतो. त्रास लहान की मोठा हे ज्याच्यामुळे तो होतो त्याने ठरवायचं, ही रीत मला मान्य नाही. या लेखात मी मुख्यतः आवाजाबद्दल बोलणार आहे, कारण लोकलमध्ये, बेस्टच्या बसमध्ये, एसटीत गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने पसरलेली सवय तीच आहे. पण माझं म्हणणं आवाजापुरतं नाही. अनोळखी माणसाला साध्या शब्दांत ‘असं करू नका’ म्हणण्याची सोय आपल्या सार्वजनिक जीवनातून हळूहळू नाहीशी झाली आहे, आणि ती परत आणणं हे संस्थांचं काम आहे, एकेकट्या माणसाच्या धाडसाचं नव्हे, असं मला म्हणायचं आहे.

ही सवय पसरली कशी, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मग छोट्या व्हिडिओंची लाट आली. त्याच काळात मोबाइलच्या खोक्यात पूर्वी हमखास मिळणारे इयरफोन बहुतेक कंपन्यांनी देणं बंद केलं. तरी स्टेशनबाहेरच्या पथारीवर साधे इयरफोन आजही शे-दीडशे रुपयांत मिळतात, त्यामुळे परवडत नाही हे कारण फार थोड्यांचं असावं. खरी गोष्ट अशी की स्पीकर चालू ठेवल्याने आपलं काहीच जात नाही, हे प्रत्येकाला दिसतं. समोरचा काही बोलत नाही. डब्यातले आणखी तिघे तेच करत असतात. मग आपणच कशाला कानात वायरी अडकवायच्या?

या आवाजात एक खास त्रासदायक गुण आहे. पंधरा-वीस सेकंदांचं गाणं अर्ध्यावर तुटतं, मग कुणाचं तरी खदाखदा हसणं, मग बातमीचा तुकडा, मग तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून. पंख्याची घरघर किंवा रुळांचा खडखडाट याहून मोठा असतो, पण त्यात माणूस झोपू शकतो. रीलमध्ये झोपू शकत नाही. याचं कारण अमेरिकेतल्या डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी पन्नासेक वर्षांपूर्वी शोधलं होतं. शहरी ताणावरचं त्यांचं काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी लोकांना खोलीत बसवून एक कानठळ्या बसवणारं ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यात परक्या भाषांतली बडबड, टंकलेखन यंत्राची टकटक, हिशेबाच्या आणि चक्रमुद्रणाच्या (सायक्लोस्टाइलच्या) यंत्रांची खरखर, असं सगळं एकात एक मिसळलेलं होतं. काहींना तो आवाज ठरावीक अंतराने ऐकवला, काहींना केव्हाही, कितीही वेळ. आवाज चालू असताना दोन्ही गटांनी दिलेली कामं बरीचशी सारखीच केली. फरक पडला तो आवाज थांबल्यावर. ज्यांना केव्हा येईल याचा नेम नसलेला आवाज ऐकावा लागला होता, त्यांनी अवघड कोडी लवकर सोडून दिली आणि मुद्रितशोधनात जास्त चुका नजरेआड केल्या. आवाज गेला तरी त्याने घेतलेली शक्ती परत आली नव्हती.

मला या प्रयोगाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. काहींच्या हाताशी एक बटण दिलं होतं. अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलं. त्यांनी ते दाबलं नाही. आवाज त्यांनीही तितकाच ऐकला. तरीही नंतरच्या कोड्यांमध्ये हे लोक बटण नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकून राहिले. थांबवता येईल एवढं माहीत असणं पुरलं.

आता डोंबिवलीहून सकाळी सव्वाआठला निघालेल्या माणसाकडे बघा. त्याच्याकडे बटण कुठलं? ‘दादा, आवाज जरा कमी करता का?’ हे एक वाक्य. ते उच्चारताना काय होऊ शकतं याची यादी त्याच्या मनात तयार असते. समोरचा ऐकेल, हे शक्य आहे, बऱ्याचदा ऐकतोही. पण ‘डबा विकत घेतलाय का?’, ‘फर्स्ट क्लासने जा ना मग’, ‘टॅक्सी करून जा’ ही वाक्यंही त्याने कधी ना कधी ऐकलेली आहेत. दोन मिनिटांत गोष्ट आवाजावरून भाषेवर, भाषेवरून गावावर, कधी धर्मावर आणि जातीवर जाते. समोरच्याचे दोन मित्र उठून उभे राहतात. आजूबाजूचे खिडकीबाहेर बघतात. रोजच्या गाडीत रोज तोच माणूस भेटणार असतो. एवढा सगळा जोखमीचा हिशेब करून माणूस गप्प बसतो आणि ठाण्यापर्यंत दात आवळून उभा राहतो. म्हणजे त्याला त्रास दोन आहेत. एक रीलचा. दुसरा, आपण एवढंसंही बोलू शकत नाही, याचा. पहिला ठाण्याला उतरल्यावर संपतो, दुसरा ऑफिसात आणि घरात त्याच्यासोबत येतो. घरी आल्यावर मुलाच्या टीव्हीच्या आवाजावर तो जे ओरडतो, त्यात डब्यात न बोललेलं बरंच काही असतं.

नियम नाहीत, असं कुणी म्हणू नये. एप्रिल २०२३ मध्ये बेस्टने आपल्या बसमध्ये इयरफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायला आणि मोबाइलवर मोठ्याने बोलायला बंदी केली. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने लांब पल्ल्याच्या गाड्यांत रात्री दहानंतर मोठ्याने गाणी वाजवणाऱ्यांना आणि गप्पा मारणाऱ्यांना आवरण्याच्या सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४५ वं कलम डब्यात उपद्रव करणाऱ्याला उतरवण्याचा अधिकार देतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालतात; रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करायची सोय ठेवतात, आणि तिथली मर्यादा आणखी कमी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९४-एफ हे कलम विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा पकडल्यास २,००० रुपये दंड सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने तर जुलै २००५ मध्येच स्पष्ट केलं आहे की अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळजबरीने ऐकायला लावण्याचा हक्क येत नाही. कायद्याच्या पुस्तकात सामान्य माणसाची बाजू भक्कम आहे.

मग डब्यात आणि बसमध्ये ती का दिसत नाही? बेस्टच्या कंडक्टरचंच उदाहरण घ्या. तुडुंब बसमध्ये तिकिटं काढायची, सुट्टे पैसे द्यायचे, पुढे सरका म्हणून ओरडायचं, आणि त्यात त्याने पाचव्या सीटवरच्या तरुणाचा मोबाइल बंद करायचा. काही गाड्यांवर तर कंडक्टरच नसतो. लोकलच्या सेकंड क्लासमध्ये प्रवाशाशिवाय कुणी नसतंच. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून कुणी येईपर्यंत स्टेशन येतं. थोडक्यात, नियम करणाऱ्याने नियम केला आणि तो सांगायचं काम त्याच थकलेल्या, घाबरलेल्या प्रवाशावर सोपवून दिलं. बटण कागदावर काढलेलं आहे, त्याची तार कुठेच जोडलेली नाही.

या विषयावर बोललं की एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. हे सगळं शहाण्या, पांढरपेशा लोकांचं नाजूकपण आहे, असं म्हटलं जातं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहणाऱ्या पोराला मोबाइलवरचं गाणं हीच काय ती मोकळीक. ती पण हिसकावणार का? या प्रश्नातली कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. कारण आवाजापासून सुटका ही आज विकत मिळणारी वस्तू आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो काचा चढवलेल्या एसी गाडीतून जातो, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवतो, बाहेरचा आवाज गाळणारे हेडफोन घेतो, विसाव्या मजल्यावर राहतो. उरतो कोण? त्याच दहा बाय बाराच्या खोलीतला दुसरा मुलगा, ज्याची बारावी आहे. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने परतणारी नर्स. दोन घरची धुणीभांडी करून तिसऱ्या घरी निघालेली बाई, जिला बसमधली वीस मिनिटं एवढीच टेकायला मिळतात. स्पीकरवरचं गाणं श्रीमंताची झोप मोडत नाही. गरीब माणूसच गरीब माणसाची झोप मोडतो, आणि आपण त्याला मोकळीक म्हणून सोडून देतो.

नुकसान मोजलं गेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या अगदी बाजूने उन्नत रेल्वे जात असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या संशोधक बाईंनी १९७५ मध्ये दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शाळेच्या शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडली होती. सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचं झालं होतं. पुढे रुळांखाली रबराचे पट्टे बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि नंतरच्या पाहणीत हा फरक उरला नाही. मुलं तशीच होती, शिक्षकही तसेच. मला यातली आशा मोलाची वाटते. आवाजाने केलेलं नुकसान हे नशीब नसतं.

मात्र दुसऱ्या माणसाची प्रत्येक सवय म्हणजे अन्याय, असं मी मानत नाही. लोकलच्या लेडीज डब्यात मेथी निवडत बसलेल्या बायका, लगेजच्या डब्यातली मासळीची टोपली, घामाचा वास, उतरायच्या घाईत लागलेला कोपर, रडणारं बाळ: हे शहर एकत्र राहण्याची किंमत मागतं आणि ती सर्वांनी द्यायची असते. बाळाला गप्प करा, असं आईला सांगणारा माणूस मला स्पीकरवाल्याइतकाच त्रासदायक वाटतो. मी एक कसोटी लावतो. समोरच्याला ती गोष्ट स्वतःचं काही न गमावता थांबवता येईल का? आईला येत नाही. मासळीवालीला तिचं पोट सोडावं लागेल. रील बघणाऱ्याला फक्त आवाज बंद करावा लागेल, चित्र तर दिसतच राहणार.

या कसोटीवर सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे भजनी मंडळांचा. विरारच्या, कल्याण-कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत टाळ घेऊन चढणारी ही मंडळी ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोच डबा ते झेंडूच्या तोरणांनी सजवतात, पूजा करतात. मला ती भजनं आवडतात, हे आधी सांगतो. दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली राबणारे लोक त्या तासाभरात स्वतःचे असतात. त्या डब्यातल्या एकाच्या घरी आजारपण आलं तर बाकीचे धावून जातात. हे नातं इतर कुठल्या डब्यात नाही. तरीही त्याच डब्यात चुकून चढलेल्या, डोकं दुखत असलेल्या माणसाचा हक्क मी नाकारू शकत नाही. पण भजन आणि रील यांत फरक आहे, आणि तो माझ्या आवडीनिवडीचा नाही. भजन केव्हा, कुठल्या डब्यात हे नियमित प्रवाशाला माहीत असतं; नको असेल तो पुढच्या डब्यात जातो. ते एका सुरात चालतं, मध्येच तुटत नाही. आणि तिथे कुणालातरी सांगता येतं. मंडळात वयाने मोठा, मान असलेला एक बुवा असतो. ‘बुवा, आज जरा बेताने’ म्हटलं तर टाळ हलके वाजतात, असं मी पाहिलं आहे. म्हणजे तिथे बटण आहे आणि ते माणसाच्या रूपात बसलेलं आहे. रीलवाल्या डब्यात असा कुणी बुवा नाही. तिथे पन्नास माणसं पन्नास वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखी बसलेली असतात, आणि भिंती मात्र नसतात.

रस्त्यावरच्या हॉर्नचं थोडक्यात. आपल्याकडे ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायची इतकी सवय होती की महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला २०१५ मध्ये ते लिहायला बंदी करावी लागली. ज्या काळात ट्रकला आरसे नीट नसत आणि रस्ते एकपदरी होते, त्या काळात ती गरज असेल. आज सिग्नलला थांबलेल्या शंभर गाड्यांत पंच्याण्णवावा माणूस कुणाला सांगतोय? पुढे जागाच नाही. जानेवारी २०२० च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी एक प्रयोग लोकांसमोर आणला. काही निवडक चौकांत सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जितका जास्त हॉर्न, तितकं जास्त थांबा. त्यावर टीकाही झाली, कारण गप्प बसलेल्यालाही शिक्षा होते. ती टीका बरोबर आहे. पण त्या प्रयोगातलं मर्म मला पटतं. तिथे एका माणसाने दुसऱ्याला सांगावं लागत नाही. सिग्नल सांगतो. सिग्नलला जात नसते, गाव नसतं, त्याच्याशी भांडता येत नाही. असे प्रयोग दोन-चार चौकांत होतात, त्यांचा व्हिडिओ गाजतो आणि गोष्ट तिथेच राहते, हे आपलं दुर्दैव.

लाउडस्पीकरच्या बाबतीत तर सांगणाऱ्या माणसाला आपण पूर्णच एकटं पाडलं. डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या मुंबईतल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात आवाजाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पुढे सुमायरा अब्दुलअली यांनी आवाज फाउंडेशनच्या माध्यमातून वर्षानुवर्षं सणासुदीचे आवाज मोजून सरकारपुढे ठेवले. त्यांचा प्रश्न साधा होता: ज्याला ऐकायचं नाही, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने काय करायचं? पण २०२२ मध्ये महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाचे भोंगे उतरवायचे, कुणाचे चढवायचे, इथपर्यंत येऊन अडकला आणि ऐकणाऱ्या माणसाचं त्यात कुणी नावही घेतलं नाही. मशिदीचा भोंगा असो, गणपतीतला डीजे असो, नेत्याच्या वाढदिवसाचा मंडप असो, घराच्या खिडकीतून आत येणारा आवाज झेंडा बघून येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यात आहेच, आणि बातम्या त्याच्याच झाल्या. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न पटवता आणि ती उघड न करता कारवाई करावी, असं न्यायालयाने सांगितलं. असह्य होईपर्यंत लोक तक्रार करत नाहीत, याचीही न्यायालयाने दखल घेतली. तक्रार करणाऱ्याला शेजाऱ्याच्या सूडापासून वाचवणं हा कायद्याचा भाग आहे, हे इतक्या ठामपणे सांगितलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

सवयी बदलत नाहीत, आपले लोक सुधारणार नाहीत, हे वाक्य मी खोटं मानतो, आणि त्याला पुरावा आहे. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आठवत असेल: एसटीत पुढच्या सीटवर बिडी पेटायची, सरकारी कचेरीत साहेबाच्या टेबलावर भरलेला ॲशट्रे असायचा. त्या धुराबद्दल तक्रार करणाऱ्या बाईला खिडकी उघडा म्हणून सांगितलं जायचं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद झालं. दंड २०० रुपये. तो भरलेली माणसं मला फारशी माहीत नाहीत. बहुधा तुम्हालाही नसतील. तरीही आज बसमध्ये कुणी सिगारेट पेटवली तर शेजारची कॉलेजातली मुलगीसुद्धा ‘ओ काका, विझवा’ म्हणते, आणि काका विझवतात. पोलिसांची संख्या वाढली नाही. भिंतीवर फलक लागले, आणि त्या मुलीच्या तोंडून निघालेलं वाक्य तिचं एकटीचं राहिलं नाही, त्या फलकाचं झालं. काकांनाही ते तसंच ऐकू येतं. म्हणून त्यांचा अपमान होत नाही आणि ते भांडत नाहीत.

जिथे हे घडलं नाही तिथे काय होतं, तेही दिसतं. थुंकणाऱ्याला दंड आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदीही आहे. तरी जिन्याचे कोपरे लाल आहेत, आणि आपण त्यावर शोधलेला उपाय म्हणजे त्या कोपऱ्यांत देवांच्या फरशा बसवणं. गणपती, साईबाबा, क्रूस, काबा, एका ओळीत. सोसायटीतल्या कुणीही थुंकणाऱ्याला तोंडावर सांगायचं नाही म्हणून ते काम देवांवर सोपवलं. या फरशा दिसल्या की मला मनापासून वाईट वाटतं. तिथे देवाचाही मान राहत नाही आणि माणसाचाही.

एक आक्षेप अजून उरतो. जिथे उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, तिथे मोबाइलच्या आवाजाचं काय? मरणांचा प्रश्न मोठा आहे, त्याची तुलना कशाशीच नाही. पण हे दोन प्रश्न एकमेकांचा वाटा खात नाहीत. दारात उभ्या असलेल्या पोराला ‘बाळा, आत ये’ म्हणायलाही तोच आवाज लागतो, जो आपण गिळायला शिकलो आहोत. ज्या डब्यात कुणीच कुणाला काही सांगत नाही, तिथे धोक्याची गोष्टही सांगितली जात नाही.

तेव्हा मागणी काय करायची? लोकलमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पुढच्या स्टेशनची घोषणा होतेच. गर्दीच्या वेळी त्यात एक वाक्य घाला: कृपया मोबाइल स्पीकरवर लावू नका. एवढ्याने कुणी लगेच बंद करेल अशी माझी अपेक्षा नाही. पण त्या घोषणेनंतर शेजारचा माणूस नुसतं वर बोट दाखवून ‘सांगतायत बघा’ म्हणू शकेल. बेस्टने नियम केलाच आहे, तर तो सीटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत असू द्या. बसच्या पुढच्या काचेजवळच्या बारीक फलकाने काम होत नाही. एसटीच्या रात्रीच्या गाडीत गाडी सुटताना कंडक्टरने दिवे मालवायच्या आधी एकदा सर्वांना मिळून सांगावं, म्हणजे नंतर कुणा एकाला सांगावं लागणार नाही. हाउसिंग सोसायट्यांनी रात्री दहानंतरच्या ड्रिलिंगची, वाढदिवसाच्या स्पीकरची तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांसमोर घ्यायची पद्धत सोडावी. तिथे तक्रार टाकणं म्हणजे भांडण टाकणं. सेक्रेटरीला फोन करावा आणि सेक्रेटरीने नाव न घेता त्या घरी निरोप द्यावा. उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं तेच सोसायटीनेही करायला कुणाची परवानगी लागत नाही.

सांगायचं कसं, यालाही महत्त्व आहे. स्पीकरवर अभंग ऐकणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना बऱ्याचदा कमी ऐकू येतं आणि आवाज किती मोठा आहे याची त्यांना कल्पनाच नसते. त्यांच्यावर खेकसणं क्रूर आहे. ‘आजोबा, जरा कमी करता का, झोपलेत सगळे’ म्हटलं तर ते ओशाळून बंदच करतात, आणि मग आपल्याला वाईट वाटतं. त्यांच्यासाठी कानाचं यंत्र स्वस्तात मिळणं हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. तरुण मुलाला ‘भाऊ’ म्हणा, ‘दादा’ म्हणा, पण सांगा. आणि कुणी सांगत असेल तर डब्यातल्या दुसऱ्या एकाने ‘हो ना, कमी करा’ एवढं म्हणावं. पहिल्या माणसाला लागणारं धैर्य या दुसऱ्या वाक्याने अर्ध्यावर येतं. समोरच्याच्याही लक्षात येतं की ही एका चिडक्या माणसाची लहर नाही.

मध्य आणि पश्चिम रेल्वेवरच्या प्रवासी संघटना जादा गाड्या, सरकते जिने, पुलांची रुंदी यांसाठी वर्षानुवर्षं निवेदनं देत आल्या आहेत, आणि त्यांतलं पुष्कळ त्यांनी भांडून मिळवलं आहे. पुढच्या निवेदनात त्या एका घोषणेची मागणी घालावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. नवा डबा लागत नाही, नवा रूळ लागत नाही. ध्वनिक्षेपक डब्यात आधीच बसवलेला आहे.